ठिकाणं मोजू नका, तास मोजा



दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी दोनेक महिने आपल्याकडे घराघरांत एक बैठक भरते. विषय एकच असतो, यंदा कुठं जायचं? कुणी हंपी म्हणतं, कुणी अजिंठा-वेरूळ, कुणी रायगड. आजोबांचा ताजमहाल राहून गेलेला असतो. या प्रश्नावर आठ-आठ दिवस वाद चालतो. ठिकाण एकदाचं ठरतं, मग दुसरा प्रश्न येतो, कुणाबरोबर जायचं? त्याचा निकाल मात्र दहा मिनिटांत लागतो. चार कंपन्यांची रंगीत माहितीपत्रकं टेबलावर पसरली जातात, दर पाहिले जातात, जेवण आपल्या पद्धतीचं आहे ना हे विचारलं जातं, आणि कमी पैशांत ज्यानं जास्त ठिकाणं लिहिली आहेत त्याच्याकडं आगाऊ रक्कम भरली जाते. आज मला या दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलायचं आहे.

कारण त्यात गुंतलेला पैसा साधा नसतो. आपल्या जिल्ह्यात कुणी उसाचं बिल जमा झाल्यावर सहलीचं पाहतो, कुणी निवृत्तीनंतर हातात आलेल्या रकमेतून बाजूला काढतो, कुणी बचत गटात महिन्याला थोडे थोडे साठवतो. एवढं करून माणूस जी जागा पाहायला जातो, ती बहुधा आयुष्यात एकदाच पाहणार असतो. पुन्हा पासष्टाव्या वर्षी हंपीला कोण जातं? तेव्हा ती एक खेप वाया गेली, तर पैसे परत मिळूनसुद्धा ती भरून येत नाही.

मग कंपनी चांगली की वाईट हे आधी कसं ओळखायचं? जाहिरातीवरून ते कळत नाही. शेजाऱ्यांना विचारावं तर ते हॉटेलचं आणि जेवणाचं सांगतात. पण आपल्या कोल्हापूरकरांच्या हातात एक मोजपट्टी आहे आणि ती आपण कधी वापरत नाही. आपलं कोल्हापूर स्वतःच बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात असतं. आपण ज्या कंपनीबरोबर दूरदेशी निघालो आहोत, ती आपल्या गावी परक्या पाहुण्यांना काय दाखवते, हे पाहायचं. आपलं गाव आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळं इथं आपल्याला कुणी फसवू शकत नाही.

नमुन्यादाखल अशा माहितीपत्रकातला मजकूर काय असतो पाहा. ‘सकाळी महालक्ष्मीदर्शन. त्यानंतर पन्हाळा, जोतिबा, न्यू पॅलेस, रंकाळा. खरेदी. रात्री पुढील प्रवास.’ वाचायला किती भरगच्च वाटतं! आता आपण हिशेब करू. अंबाबाईचं दर्शन आणि नाश्ता उरकून बस साडेदहाला निघाली, तर पन्हाळ्यावर सव्वाअकरा-साडेअकरा होतात. एक वाजता जेवण ठरलेलं. म्हणजे गडासाठी दीड तास. बसमध्ये चाळीस माणसं. त्यांनी उतरणं, चहा, स्वच्छतागृह, पुन्हा चढणं यात अर्धा तास जातो. राहिला एक तास. तेवढ्यात बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी एक फोटो आणि तीन दरवाजापाशी दुसरा. माहितीपत्रकातल्या पन्हाळ्यासमोर खूण झाली.

पण पन्हाळा म्हणजे काय, ते आपण जाणतो. सात किलोमीटरहून अधिक तटबंदीचा हा गड. शिलाहार राजा दुसरा भोज याच्यापासून त्याचा इतिहास सांगता येतो. तीन दरवाजाला लागूनच अंधारबाव आहे. गडावरचं पाणी शत्रूच्या हाती पडू नये म्हणून विहिरीवर मजल्यांची इमारत उभी केली आहे, अशी दुसरी सहजी पाहायला मिळत नाही. अंबरखान्याची कोठारं आत जाऊन पाहिल्याशिवाय वेढा म्हणजे काय ते कळत नाही. १६६० साली सिद्दी जौहरानं मार्चपासून जुलैपर्यंत गड आवळून धरला, तेव्हा आत माणसं कशावर जगली असतील याचं उत्तर त्या कोठारांत आहे. राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला आला होता, आणि महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरवर जाऊन त्या वखारवाल्यांना कैद केलं, ही गोष्ट तटावर उभं राहून ऐकली तर लहान मूलसुद्धा विसरत नाही. बाजीप्रभूंच्या पुतळ्याच्या परिसरातच चार दरवाजा होता. १८४४ सालच्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडला. तिथं फोटो काढणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना हे कुणी सांगतं?

माझ्या अंदाजानं पन्हाळा धावतपळत पाहायचा म्हटला तरी तीन तास लागतात. नीट पाहायचा तर पूर्ण दिवस. आता तुम्ही स्वतःला विचारा. जी कंपनी पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या माणसाला एका तासात पन्हाळा ‘दाखवते’, ती तुम्हाला विजापूर किंवा हंपी किती वेळात दाखवणार आहे? तिथं मात्र आपण परके असतो. काय राहून गेलं हेच आपल्याला समजत नाही, म्हणून आपण समाधानानं घरी येतो.

याच मोजपट्टीचा दुसरा उपयोग सांगतो. माहितीपत्रकात कोल्हापूरच्या पानावर टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय लिहिलेलं आहे का पाहा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची चिमुकली ब्राँझमूर्ती तिथं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपला रोमशी व्यापार होता, याची ती साक्ष. शिरोळ तालुक्यातलं खिद्रापूर लिहिलं आहे का पाहा. तिथल्या कोपेश्वर मंदिरात अठ्ठेचाळीस खांबांचा स्वर्गमंडप आहे, आणि त्याच्या मधोमध छत उघडं ठेवून आकाश आत घेतलेलं आहे. या दोन्ही जागा प्रत्येक सहलीत बसतील असं मुळीच नाही. पण ज्या माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख आहे, ते लिहिणारा माणूस कधीतरी कोल्हापुरात पायी हिंडला आहे, एवढं नक्की समजावं. आणि खरेदीसाठी कंपनी पाहुण्यांना कोणत्या दुकानात नेते, तेही आपल्याला चांगलं ठाऊक असतं. चप्पल लाइनीत मोकळं सोडते की ठरलेल्या एकाच दुकानापुढं बस लावते? इथं ठरलेलं दुकान, तर आग्ऱ्याला ठरलेलं संगमरवराचं दुकान असणार. तिथं जाणारा तास आपल्या ताजमहालातून वजा होतो.

आता कोल्हापूरकरांची आवडती सहल घेऊ. विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल, हंपी. कागदपेन्सिल जवळ असेल तर माझ्याबरोबर हिशेब करा. कोल्हापूर ते विजापूर साधारण एकशे ऐंशी किलोमीटर. तिथून बदामी एकशेवीसच्या आसपास. बदामीहून हंपी एकशेचाळीस-दीडशे. हंपीहून बेळगावमार्गे परत कोल्हापूर साडेतीनशेच्या वर. एकूण आठशे किलोमीटर धरा. चाळीस-पन्नास माणसांची बस थांबत थांबत जाते, तेव्हा सरासरी तासाला पंचेचाळीस किलोमीटरपेक्षा जास्त धरू नये. म्हणजे अठरा तास नुसते आसनावर. दिवसाचे उपयोगी तास दहा. सहल चार दिवसांची असेल तर चाळीस. त्यातून प्रवासाचे अठरा गेले, बावीस राहिले. जेवणखाण, नाश्ता यांचे दिवसाला दोन म्हणजे आठ गेले, चौदा राहिले. उतरणं, चढणं, तिकिटं, खरेदी, ‘अजून दोघं आली नाहीत’ म्हणून वाट पाहणं यांत चार गेले. राहिले दहा तास. दहा तासांत पाच ठिकाणं. प्रत्येकी दोन तास. घाईत का होईना, जमतं.

हीच सहल कुणी तीन दिवसांत बसवली तर? तीस तास. त्यातून अठरा आणि सहा वजा केले की सहा उरतात. त्या सहांतून उतरण्या-चढण्याचे तीन काढले की पाच जागतिक कीर्तीच्या ठिकाणांसाठी उरतात अवघे तीन तास! दरात हजार-दीड हजाराचा फरक दिसतो म्हणून आपण तीन दिवसांची सहल स्वस्त समजतो. पण पाहण्याच्या तासाला पैसे किती पडले, असा भागाकार केला तर तीच महाग निघते. म्हणून मी म्हणतो, ठिकाणं मोजू नका, तास मोजा.

आणि तास कुठल्या वेळेचे, हेही महत्त्वाचं. विजापूरच्या गोलघुमटाचं बांधकाम १६५६ मध्ये थांबलं. त्या घुमटाचा बाहेरचा व्यास चव्वेचाळीस मीटर. वरच्या सज्जात एका बाजूला हळू बोललेलं समोरच्या बाजूला ऐकू येतं, हे त्याचं खरं नवल. पण दुपारी तिथं शाळांच्या सहली पोहोचल्या की पोरांच्या किंकाळ्यांशिवाय काही ऐकू येत नाही. सकाळी लवकर नेणारी कंपनी आणि अकरानंतर नेणारी कंपनी, दोघींच्या माहितीपत्रकात शब्द तोच असतो, ‘गोलघुमट’. हंपीचंही तसंच. १३३६ ते १५६५ एवढा काळ नांदलेली ती राजधानी काही एका आवारात नाही. विरूपाक्षाचं देऊळ एकीकडं, राजवाड्याचा परिसर दुसरीकडं, आणि पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर छापलेला दगडी रथ ज्या विठ्ठल मंदिरात आहे ते तिसरीकडं. तिथं आपली बस थेट दारापर्यंत जात नाही, शेवटचा टप्पा विजेवरच्या गाडीनं किंवा पायी. रांग असते. हंपीला ‘अर्धा दिवस’ लिहिणाऱ्याला ही रांग ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून तो सांगत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसायादीत समावेश केला. त्यात आपला पन्हाळा आहे, याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण या निमित्तानं कुणी ‘बारा जागतिक वारसा किल्ले, एका दमात’ अशी सहल पुढं केली, तर ती यादी आधी नकाशावर मांडून पाहा. साल्हेर नाशिक जिल्ह्यात आहे, १५६७ मीटर उंचीवर, आणि तो पायी चढावा लागतो. शिवनेरी, लोहगड, राजगड पुणे जिल्ह्यात. रायगड आणि समुद्रातला खांदेरी रायगड जिल्ह्यात. प्रतापगड साताऱ्यात. हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग आणि मालवणचा सिंधुदुर्ग पाण्यात, तिथं होडीशिवाय जाता येत नाही आणि पावसाळ्यात होड्या बंद असतात. विजयदुर्ग कोकणात. आणि बारावा जिंजी, तो तर तमिळनाडूत! छत्रपती राजाराम महाराजांनी मोगलांशी जिथून झुंज दिली तो हा किल्ला. हे सगळं आठवड्यात उरकणारा संयोजक त्यातले किती किल्ले पायथ्यावरून दाखवणार आहे, हे त्याला लेखी विचारावं.

माहितीपत्रक वाचताना क्रियापदांकडं लक्ष द्या. ‘पाहणे’, ‘बाहेरून पाहणे’, ‘बसमधून दर्शन’ आणि ‘फोटो स्टॉप’ या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या पानावर मोठ्या टायपात ठिकाणांची यादी असते आणि ही क्रियापदं आतल्या पानावर बारीक टायपात असतात. यादीतल्या प्रत्येक नावापुढं पेन्सिलीनं त्याचं क्रियापद लिहून काढा. वीस ठिकाणांची सहल पुष्कळदा नऊ-दहा ठिकाणांवर येते.

तारखांबरोबर वार लिहून पाहा. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी, ताजमहाल शुक्रवारी. कोल्हापुरातून शनिवारी रात्री निघालेल्या गाडीनं छत्रपती संभाजीनगरला रविवारी काय दाखवायचं आणि सोमवारी काय, हे यावरूनच ठरतं. रविवारी वेरूळ आणि सोमवारी अजिंठा असा क्रम कुणी लिहिला असेल, तर ती कंपनी कामाची नाही हे पैसे भरण्याआधीच कळलं. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरजवळ सोडून दुसऱ्या बसनं लेण्यांपर्यंत जावं लागतं, आणि चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात. हा वेळ गृहीत धरला आहे का, ते विचारा. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर पायऱ्यांचं आधी विचारा. रायगडाला रोपवे आहे, अजिंठ्याला डोलीवाले मिळतात. पण डोलीचे पैसे सहलीत धरलेले नसतात, आणि डोलीत बसलेल्या आजींसाठी बाकीची एकोणचाळीस माणसं थांबतीलच असंही नसतं.

आता सगळ्यांत महत्त्वाच्या माणसाकडं येतो. तो म्हणजे सांगणारा. ऐतिहासिक जागा नुसती डोळ्यांनी दिसत नाही. सांगणारा नसेल तर अंबरखाना म्हणजे एक काळोखी खोली आणि अंधारबाव म्हणजे एक जुनी विहीर. आपल्याकडं इथं एक घोटाळा होतो. बसबरोबर असतो तो सहल व्यवस्थापक. माणसं मोजणं, खोल्यांच्या किल्ल्या वाटणं, कुणाला ताप आला तर डॉक्टर गाठणं, हे त्याचं काम. मोठं जबाबदारीचं काम आहे ते आणि ही मंडळी ते हसतमुखानं करतात. पण तो म्हणजे मार्गदर्शक नव्हे. केंद्र सरकारचं पर्यटन मंत्रालय आणि राज्यांचे पर्यटन विभाग मार्गदर्शकांना प्रशिक्षण देऊन ओळखपत्र देतात. तेव्हा कंपनीला विचारावं, प्रत्येक ठिकाणी ओळखपत्रधारक मार्गदर्शक घेणार का? तो कोणत्या भाषेत बोलणार? चाळीस माणसांना त्याचा आवाज कसा पोहोचणार? त्याची फी सहलीत धरली आहे की जागेवर वर्गणी काढणार? ‘आमचे टूर मॅनेजरच सगळी माहिती देतात’ असं उत्तर आलं, तर समजावं की गोलघुमट आपल्याला बसमधल्या माइकवरून कळणार आहे.

चांगला मार्गदर्शक कसा ओळखायचा? माझी एक साधी खूण आहे. तो ‘असं सांगतात’ आणि ‘अशी नोंद आहे’ ही दोन वाक्यं वेगवेगळी वापरतो. रायगडावर हिरकणीची गोष्ट सांगताना तो म्हणतो, ही लोकांनी जपलेली कथा. आणि राज्याभिषेक ६ जून १६७४ ला झाला हे सांगताना तो म्हणतो, ही इतिहासातली नोंद. दोन्हींचा मान तो राखतो, पण एकीची दुसरीत सरमिसळ करत नाही. जो सगळंच छातीठोकपणे सांगतो, प्रत्येक भुयार थेट पुढच्या किल्ल्यावर नेऊन सोडतो, त्याच्यापासून जपून. दुसरी खूण म्हणजे त्याचं वास्तूशी वागणं. हंपीच्या विठ्ठल मंदिरातले नाद देणारे खांब वाजवायला मनाई आहे. तरीही ‘या, तुम्हाला वाजवून दाखवतो’ म्हणणारा माणूस आपली हौस भागवतो आणि पुढच्या पिढीचा खांब झिजवतो. शाळेच्या सहली काढणाऱ्या शिक्षकांना माझी खास विनंती आहे. मुलं जे तिथं ऐकतात ते त्यांच्या वहीत नसतं, पण जन्मभर डोक्यात राहतं. म्हणून बस कोणती यापेक्षा सांगणारा कोण याची चौकशी आधी करा. आणि एक व्यावहारिक गोष्ट. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशशुल्क नसतं. मुलांच्या वर्गणीत ‘प्रवेश फी’ लावली असेल तर कशाची, ते विचारा.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. थॉमस कुक नावाच्या इंग्रज गृहस्थानं ५ जुलै १८४१ रोजी लेस्टर ते लाफबरो अशी सुमारे पाचशे माणसांची रेल्वेसहल काढली, माणशी एक शिलिंग घेऊन. निमित्त होतं दारूबंदीच्या सभेचं. सगळ्यांची सोय एकानं करायची आणि आधी एकरकमी पैसे घ्यायचे, हा धंदा तिथून वाढला. आज गल्लीतला सहल संयोजकही तीच रीत चालवतो. आणि त्याच नावाची ती जुनी ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी एका रात्रीत बुडाली. दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवासी परदेशात अडकले. त्यांच्या सरकारनं विमानं पाठवून त्यांना घरी आणलं, कारण तिकडं अशा प्रसंगासाठी कायद्यानं उभारलेली व्यवस्था आहे. याच नावाची भारतातली कंपनी तेव्हा वेगळ्या मालकीची होती, तिला त्याची झळ लागली नाही, हेही सांगायला हवं. पण धडा आपल्यालाही आहे. पावणेदोनशे वर्षांचं नाव म्हणजे आपल्या पैशांची हमी नव्हे. आपल्याकडं केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता संयोजकाच्या इच्छेवर आहे, ती सक्तीची नाही. प्रवाशांचे पैसे राखून ठेवणारी तशी व्यवस्थाही नाही. मग हमी कुठून आणायची? ती आपणच कागदावर घ्यायची.

ती अशी. पैसे कंपनीच्या नावे, बँकेतून भरा. एखाद्याच्या व्यक्तिगत मोबाइल क्रमांकावर पाठवू नका. पावतीवर सहलीची तारीख आणि सहलीचं नाव असू द्या. सगळी रक्कम आधी न भरता टप्प्यानं भरा. आपण रद्द केलं तर किती कापणार हे प्रत्येकजण विचारतो, पण कंपनीनं रद्द केलं तर काय, हे कुणी विचारत नाही. तेच आधी विचारा. पुरेशी माणसं जमली नाहीत तर पूर्ण रक्कम परत मिळणार, की दुसऱ्या सहलीची चिठ्ठी हातात देणार? २०२० च्या टाळेबंदीत पुष्कळ लोकांच्या हाती अशा चिठ्ठ्याच आल्या होत्या. हॉटेलच्या नावापुढं ‘किंवा तत्सम’ लिहिलेलं असतं, ते तत्सम गावात आहे की गावाबाहेर दहा किलोमीटरवर, हे विचारा. गाडी छोटी असेल तर पाटी पाहा. भाड्यानं चालणाऱ्या गाडीची पाटी पिवळी असते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं आणली असेल, तर अपघातात विम्याचं भांडण आपल्या गळ्यात पडतं.

आणि इतकं करूनही कबूल केलं ते मिळालं नाही तर? ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात एक मोठी सोय झाली आहे. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडं, म्हणजे कोल्हापुरातच, तक्रार करता येते. दोन वर्षांच्या आत करावी लागते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. पण तिथं पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे तेच माहितीपत्रक, तीच पावती. म्हणून सहलीहून परत येईपर्यंत माहितीपत्रक रद्दीत टाकू नका.

एक शंका कुणाच्याही मनात येईल. एवढी उठाठेव करण्यापेक्षा आपणच गाडी करून गेलो तर? जरूर जा. दोन-तीन घरं मिळून आठ-दहा माणसं असतील, सोबत तरुण मुलं असतील, तर गाडी आपली आणि मार्गदर्शक तिथला, ही रीत हंपी-बदामीला उत्तम. तास आपल्या हातात राहतात. पण वयस्क माणसं एकटीदुकटी असतील, भाषेची अडचण असेल, मुक्काम लांबचा असेल, तर चांगल्या कंपनीची सोबत मोलाची असते. महाराष्ट्रात ही सोबत प्रामाणिकपणे देणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यामुळं घराचा उंबरठा न ओलांडलेली आपली कितीतरी माणसं देश पाहून आली. त्यांच्याविषयी मनात अढी ठेवायचं कारण नाही. उलट आपण तासांचे आणि मार्गदर्शकाचे प्रश्न विचारू लागलो, तर अशाच कंपन्यांना बळ मिळेल. आज त्या एका ठिकाणाला जास्त वेळ देऊ पाहतात, पण शेजारच्याच्या यादीत चार नावं जास्त दिसतात म्हणून गिऱ्हाईक तिकडं जातं. लांब याद्या आपणच मागतो, म्हणून त्या छापल्या जातात.

तेव्हा या रविवारी दुपारी एवढं करा. हातातलं माहितीपत्रक घ्या, आधी त्यातलं कोल्हापूरचं पान उघडा. पन्हाळ्याला किती वेळ दिला आहे, ते पाहा. मग आपल्याला जायचं त्या ठिकाणाचं पान उघडा आणि प्रवासाचे, जेवणाचे, खरेदीचे तास वजा करत जा. शेवटी जी संख्या उरेल, ती कंपनीला फोन करून मोठ्यानं वाचून दाखवा आणि विचारा, ‘एवढाच वेळ ना?’ जी कंपनी या प्रश्नाला न चिडता, नेमकं उत्तर देईल आणि तेच लिहून देईल, तिच्याबरोबर खुशाल जा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित पाठ)